किनाऱ्यामागचा ट्युनिशिया

ट्युनिशियाचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर आधी पावसाचा नकाशा बघावा, असं माझं ठाम मत झालं आहे. देशाच्या वायव्य कोपऱ्यात, अल्जीरियाच्या सीमेलगत ऐन द्राहम नावाचं डोंगरातलं गाव आहे. लाल कौलांची उतरती छपरं, भोवती बूच देणाऱ्या ओकची जंगलं आणि वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून दक्षिणेला उतरत गेलं की पाऊस आटत जातो आणि तोझरच्या खजुराच्या बागांपर्यंत पोचेतो शंभर मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. देश तसा लहानच. १,६३,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा अधिक, आणि माणसं सुमारे एक कोटी वीस लाख. एवढ्या जागेत जंगल, गव्हाचं खोरं, ऑलिव्हची मैदानं, उघडं माळरान, मिठानं पांढरी पडलेली विस्तीर्ण तळी आणि शेवटी सहाराची वाळू.

मधून एक डोंगररांग तिरकी गेली आहे. मोरोक्कोपासून निघालेल्या अ‍ॅटलास पर्वताचं हे पूर्वेकडचं टोक. कासरीनजवळचं जबल शांबी हे तिथलं सर्वांत उंच शिखर, १,५४४ मीटर. रांग ईशान्येला बोन भूशिरापाशी समुद्रात उतरते आणि पलीकडे सुमारे दीडशे किलोमीटरवर सिसिली. रांगेच्या उत्तरेला मेजर्दा नदीचं खोरं आहे. बाराही महिने वाहणारी अशी देशात हीच मोठी नदी, आणि तीही अल्जीरियातून येते. पूर्वेला समुद्राकाठी सूस, मोनास्तिर, महदिया या शहरांचा पट्टा. त्याला साहेल म्हणतात. दमट हवा, पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ऑलिव्हची झाडं, जवळजवळ वसलेली गावं. आणि या सगळ्याच्या मागे, पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला, कासरीन, सिदी बूझिद, गफ्सा, सिलियाना, केफ. हा आतला मुलूख. हलफा गवताचे माळ, मेंढरं, विहिरींवरची शेती, खाणी.

प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकात जो ट्युनिशिया असतो तो बहुतेक किनाऱ्याचा. सिदी बू सईदची निळी दारं, हम्मामेतची वाळू, कार्थेजचे अवशेष, जेर्बा बेट. मीही आधी तोच पाहिला आणि मला तो मनापासून आवडला. आतल्या मुलखाकडे माझं लक्ष गेलं ते २०२१ च्या जुलैनंतर. २०१४ साली ट्युनिशियानं जी राज्यघटना केली तिचं जगभर कौतुक झालं होतं. अरब देशांमधल्या उठावांतून एक तरी लोकशाही उभी राहिली, याचा माझ्यासारख्या दूरच्या वाचकालाही आधार वाटायचा. २५ जुलै २०२१ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी पंतप्रधानांना काढलं, संसद गोठवली, आणि त्या रात्री राजधानी ट्युनिसच्या रस्त्यांवर लोक गाड्यांचे भोंगे वाजवत आनंद साजरा करत होते. ज्या लोकांनी दहा वर्षांपूर्वी हुकूमशहाला पळवून लावलं त्यांनी संसदेला कुलूप लागल्यावर आनंद का मानला असेल, हा प्रश्न मला फार दिवस सोडत नव्हता. त्याचं उत्तर शोधताना मी १८६४ सालापर्यंत मागे गेले.

त्याआधीचा इतिहास खरं तर अधिक झगमगीत आहे. फिनिशियन व्यापाऱ्यांनी परंपरेनुसार इसवी सनपूर्व ८१४ मध्ये वसवलेलं कार्थेज, रोमशी शंभराहून अधिक वर्षं चाललेला झगडा, हॅनिबल, आणि इसवी सनपूर्व १४६ मध्ये रोमनांनी केलेला शहराचा विध्वंस. त्यातली एकच गोष्ट इथे सांगते, कारण ती शेतकऱ्याच्या मुलीला सांगाविशी वाटतेच: कार्थेजची ग्रंथालयं उधळली गेली तेव्हा मागो नावाच्या लेखकाचे शेतीवरचे अठ्ठावीस खंड मात्र रोमच्या सेनेटनं हुकूम काढून लॅटिनमध्ये भाषांतरित करवून घेतले. शत्रूचं शहर बेचिराख केलं, त्याचं शेतीशास्त्र जपून नेलं. पुढे याच भूमीला रोमनांनी आफ्रिका प्रांत म्हटलं आणि ते नाव सबंध खंडाला चिकटलं. इथला गहू आणि ऑलिव्हचं तेल जहाजांतून रोमला जात राहिलं. माल आतून निघायचा, बंदरावर पैसा व्हायचा आणि पलीकडच्या किनाऱ्यावर खाल्ला जायचा. ही वाट तेव्हाच पडली.

अरबांनी इसवी सन ६७० मध्ये कैरुआन वसवलं ते मुद्दाम समुद्रापासून दूर, कारण बायझंटाइन आरमाराचं भय होतं. राजधानी आत असण्याचा तो काळ सोडला, तर सत्ता पुन्हा पुन्हा पाण्याकडे सरकत गेली. फातिमी खलिफांनी महदिया बांधलं, हफ्सी सुलतानांनी ट्युनिसला राजधानी केलं, १५७४ मध्ये ऑटोमन आले आणि १७०५ पासून हुसैनी घराण्याचे बे, म्हणजे इथले राज्यकर्ते, ऑटोमन सुलतानाच्या नावानं, पण आपल्या मर्जीनं राज्य करू लागले.

इब्न खलदून याच ट्युनिसमध्ये १३३२ साली जन्मला. राज्यं कशी उभी राहतात आणि कशी ढासळतात याचा त्यानं मांडलेला विचार आजही वाचला जातो. वाळवंटातल्या, डोंगरातल्या टोळ्यांमध्ये एकमेकांना धरून राहण्याचं बळ असतं; त्या बळावर त्या शहरं जिंकतात, गादीवर बसतात, काही पिढ्यांत सुखावून सैलावतात आणि मग बाहेरून दुसरी टोळी येते. त्याच्याच देशात गेल्या दीडशे वर्षांत मात्र या चक्राचा अर्धाच भाग फिरताना दिसतो. आतले लोक उठतात, गादी हलवतात, पण गादीवर बसतात ते किनाऱ्याचेच. स्वातंत्र्यानंतरचे पहिले राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा मोनास्तिरचे. त्यांच्यानंतरचे, २०११ मध्ये पळालेले बेन अली सूसजवळच्या हम्माम सूसचे. बेजी कैद एसेब्सी ट्युनिसजवळच्या सिदी बू सईदचे, कैस सईद ट्युनिसचे. २०११ नंतर तीन वर्षं हंगामी राष्ट्राध्यक्ष राहिलेले मुन्सिफ मर्झूकी तेवढे मूळच्या दक्षिणेकडच्या घराण्यातले.

१८६४ ची हकीकत अशी. एकोणिसाव्या शतकातले बे सुधारणावादी होते, आणि हे मी आदरानं म्हणते. अहमद बेनं १८४६ मध्ये गुलामगिरी बंद केली, फ्रान्सनं आपल्या वसाहतींत ती बंद केली त्याच्या दोन वर्षं आधी. १८५७ मध्ये मोहम्मद बेनं जाहीरनामा काढला: धर्म कोणताही असो, जिवाची आणि मालमत्तेची हमी, कायद्यापुढे सगळे सारखे. १८६१ मध्ये राज्यघटना आली, अरब जगातली पहिली लिखित राज्यघटना. साठ जणांचं मोठं मंडळ, नवी न्यायालयं, राजाच्या अधिकाराला लेखी मर्यादा. युरोपीय वकिलातींचा दबाव होता, बंदरात फ्रेंच आरमार येऊन उभं राहिलं होतं, हे सगळं खरं. तरीही त्या दस्तऐवजात काहीतरी उदात्त आहेच.

पण आतल्या गावांत तेव्हा काय पोचलं? १८५६ पासून मेजबा नावाचा डोईपट्टीसारखा कर सुरू झाला होता, माणशी ३६ रियाल. ट्युनिस, सूस, मोनास्तिर, स्फाक्स आणि कैरुआन या पाच शहरांना त्यातून माफी होती. माळावरचा मेंढपाळ मात्र भरत होता. दरबाराचा खर्च वाढत गेला, मुख्यमंत्री मुस्तफा खझनदार यानं राज्याच्या पैशातून स्वतःची तिजोरी भरली, १८६३ मध्ये पॅरिसच्या सावकारांकडून साडेतीन कोटी फ्रँकचं कर्ज उचललं गेलं. ते फेडण्यासाठी मेजबा दुप्पट करायचं ठरलं, ७२ रियाल. नवी न्यायालयं गावापासून लांब, त्यांची रीत परकी, आणि परदेशी माणसाला जमीन घेता येईल अशा तरतुदी. माळावरच्या माणसाला राज्यघटना आणि दुप्पट कर एकाच हातानं दिल्यासारखे मिळाले.

१८६४ च्या वसंतात माजेर टोळीतला अली बेन घेदाहेम उभा राहिला. कासरीन-थालाच्या मुलखातला, एका काझीचा मुलगा. लोक त्याला जनतेचा बे म्हणू लागले. मागण्या होत्या त्या कर कमी करा, आमच्यावरचे अधिकारी आमच्यातले नेमा, आणि नवी न्यायालयं व राज्यघटना रद्द करा. या शेवटच्या मागणीशी मी खूप वेळ थांबले. जगातल्या कुठल्याही शाळेत हा उठाव शिकवायचा झाला तर ती मागणी अडचणीची ठरेल. गरिबांनी स्वतःच्या हक्काच्या कागदाविरुद्ध हत्यार उचललं. पण त्यांच्या बाजूनं पाहिलं तर तो त्यांच्या हक्काचा कागद कधी झालाच नव्हता. तो झाला असता, त्यांच्या कराची बाकी ठरवताना त्यांना कुणी विचारलं असतं, तर कदाचित तेच त्याचे राखणदार झाले असते.

बेनं घाबरून राज्यघटना स्थगित केली, कर खाली आणला आणि वेळ काढला. कापणीचे दिवस आले, टोळ्या पिकांकडे परतल्या, नेत्यांना बक्षिसांची आश्वासनं देऊन फोडलं. मग सूड सुरू झाला, आणि इथे माझी किनारा-विरुद्ध-आतला ही मांडणी थोडी अडखळते, कारण त्या सुडाचा सर्वांत मोठा तडाखा साहेललाच बसला. करमाफी गेल्यावर तिथली शहरंही उठावात उतरली होती. जनरल झर्रूकनं साहेलच्या गावांवर असे दंड लादले की ऑलिव्हच्या बागा सावकारांकडे गहाण पडल्या. अली बेन घेदाहेम पुढे पकडला गेला आणि ला गुलेतच्या तुरुंगात १८६७ मध्ये मेला. दुष्काळ आला, पटकी आली, १८६९ मध्ये दिवाळखोर राज्याच्या हिशेबावर परकी आयोग बसला. १२ मे १८८१ ला बार्दोच्या तहावर सही झाली आणि ट्युनिशिया फ्रान्सच्या ‘संरक्षणा’खाली गेला.

फ्रेंचांनी मेजर्दाच्या खोऱ्यातली उत्तम जमीन घेतली हे अपेक्षितच होतं. आतल्या मुलखाचं भवितव्य ठरवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. १८८५ मध्ये फिलिप तोमा या फ्रेंच लष्करी पशुवैद्याला, ज्याला भूगर्भशास्त्राचा नाद होता, गफ्साच्या पश्चिमेला मेतलावीजवळच्या डोंगरात फॉस्फेटचे थर सापडले. १८९७ मध्ये कंपनी स्थापन झाली, १८९९ मध्ये मेतलावी ते स्फाक्स बंदर अशी रेल्वे सुरू झाली. त्या लोहमार्गाचा नकाशा मी कितीदा तरी पाहिला आहे. तो खाणीतून निघतो आणि बंदरावर संपतो. गावं एकमेकांना जोडावीत अशा हेतूनं तो आखलेलाच नव्हता.

या फॉस्फेटशी आपला संबंध आहे, आणि तो वाचनातून जुळलेला नाही. माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं. खरिपाच्या तोंडावर अठरा-शेहेचाळीस खताची पोती घरात येऊन पडली की आजोबा त्यावर घोंगडं टाकायचे, दमट हवेनं खत धरू नये म्हणून. कपाशीला, सोयाबीनला लागणारं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आपल्या देशात पुरेसं निघत नाही. खनिज आणि त्यापासून केलेलं फॉस्फरिक आम्ल आपण मोरोक्को, जॉर्डन, ट्युनिशिया अशा देशांतून आणतो. स्फाक्सच्या दक्षिणेला स्खीरा बंदरावर ट्युनिशियन इंडियन फर्टिलायझर्स नावाचा कारखाना आहे, भारतातल्या दोन खत कंपन्यांच्या भागीदारीतला. २०१३ मध्ये तो सुरू झाला, आणि तिथलं आम्ल भारतात आणण्यासाठीच तो उभारला गेला. गफ्सा भागातल्या रदेयफच्या खाणीतला दगड आणि आमच्या काळ्या रानातलं बोंड यांच्यात असा एक धागा आहे. तो कळल्यावर मला त्या डोंगरांकडे परक्या नजरेनं बघता आलं नाही.

ट्युनिसहून सिदी बूझिदकडे मी लुआजनं गेले. लुआज म्हणजे आठ प्रवाशांची पांढरी गाडी, अंगावर पट्टा ओढलेली. लांबच्या मार्गाला लाल पट्टा, जिल्ह्यातल्या फेऱ्यांना निळा. भरली की सुटते. कैरुआन मागे पडलं की ऑलिव्हच्या रांगा विरळ होतात, जमीन पिवळी पडत जाते, फड्या निवडुंगाची कुंपणं दिसू लागतात. आणि मग अचानक हिरवे चौकोन: टोमॅटो, मिरची, काकडी. सगळं कूपनलिकांच्या पाण्यावर. सिदी बूझिद हा भाजीपाला पिकवणारा जिल्हा आहे. माल इथे पिकतो आणि प्रतवारी, प्रक्रिया, डबेबंदी, निर्यात यांतलं बहुतेक काम किनाऱ्याकडे होतं. मराठवाड्याचा अनुशेष ज्यांनी लहानपणापासून ऐकला आहे, त्यांना तिथे वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

पुढे मेतलावीला तर डोंगरच पोखरलेले दिसतात. फॉस्फेट धुवायला भरपूर पाणी लागतं, आणि त्याच खाणपट्ट्यातल्या गावांचे नळ उन्हाळ्यात कोरडे राहतात. तिथल्या अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग असतात, पाण्यातल्या फ्लोराइडमुळे पडलेले.

स्वातंत्र्याची लढाईही दोन ठिकाणी लढली गेली. पक्ष, वर्तमानपत्रं, वाटाघाटी किनाऱ्यावर. नवदस्तूर पक्षाची स्थापनाही साहेलमधल्या क्सार हेलाल गावी, २ मार्च १९३४ ला. १९५२ नंतर बंदूक घेऊन डोंगरात गेलेले फेल्लागा मात्र बहुतांश आतल्या मुलखातले. २० मार्च १९५६ ला देश स्वतंत्र झाला, पुढच्या वर्षी २५ जुलैला प्रजासत्ताक. बुर्गिबांनी स्वातंत्र्यानंतर पाच महिन्यांच्या आत कौटुंबिक कायदा बदलला. बहुपत्नीत्व बंद, तोंडी तलाक बंद, घटस्फोट न्यायालयातच, लग्नाला मुलीची संमती आवश्यक. एक स्त्री म्हणून मला त्या कायद्याबद्दल जे वाटतं त्यात पुढच्या कुठल्याही टीकेनं उणेपण येत नाही. शाळा त्यांनी आतल्या गावांपर्यंत नेल्या, दवाखाने नेले. कारखाने, विद्यापीठं, विमानतळ, पर्यटन मात्र समुद्राच्या बाजूनं वाढत गेलं. १९७५ मध्ये त्यांनी स्वतःला तहहयात राष्ट्राध्यक्ष करून घेतलं. १९८३ च्या डिसेंबरअखेर पावाचे दर दुपटीहून वाढवले तेव्हा पहिला भडका उडाला तो दक्षिणेत, दूझ-केबिलीकडे, आणि दिवसागणिक कासरीन, गफ्सा, मग ट्युनिस असा वर सरकला. ६ जानेवारी १९८४ ला बुर्गिबांनी दूरचित्रवाणीवर येऊन दरवाढ मागे घेतली.

७ नोव्हेंबर १९८७ ला बेन अलींनी त्यांना बाजूला केलं. त्यांच्या तेवीस वर्षांबद्दल मला फार लिहावंसं वाटत नाही. पोलीस, नातेवाइकांची लूट आणि बाहेरच्या जगाला दाखवायचे वाढीचे आकडे. त्या काळातली महत्त्वाची घटना बाहेर जवळजवळ कुणाला कळलीच नाही: जानेवारी २००८ मध्ये फॉस्फेट कंपनीच्या नोकरभरतीचा निकाल लागला, यादीत वशिल्याची नावं होती, आणि रदेयफचे बेकार तरुण, खाणकामगारांच्या विधवा, शिक्षक रुळांवर बसले. सहा महिने तो खाणपट्टा धगधगत होता. जूनमध्ये गोळीबार झाला, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. वर्तमानपत्रं गप्प राहिली.

१७ डिसेंबर २०१० ला सिदी बूझिदमध्ये मोहम्मद बुअझिझी या हातगाडीवर फळं विकणाऱ्या २६ वर्षांच्या तरुणाचा माल आणि वजनकाटा नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांनी जप्त केला. तो दाद मागायला गेला, कुणी भेटलं नाही, आणि त्यानं प्रशासनाच्या कार्यालयासमोर स्वतःला पेटवून घेतलं. ४ जानेवारीला तो गेला. त्यानंतरच्या दिवसांत कासरीन आणि थालात पोलिसांनी सर्वाधिक माणसं मारली, हे विसरलं जातं. १४ जानेवारीला ट्युनिसच्या बुर्गिबा रस्त्यावर गर्दी उसळली, बेन अली सौदी अरेबियाला पळाले, आणि जगाच्या कॅमेऱ्यांनी तो दिवस क्रांतीचा दिवस ठरवला. सिदी बूझिदचे लोक १७ डिसेंबर धरून होते. एकाच क्रांतीच्या या दोन तारखा. हुकूमशहा गेला, हे राजधानीचं समाधान. आतल्यांची मागणी कामाची आणि सन्मानाची होती, आणि तिची तारीख अजून पुढेच होती.

२३ ऑक्टोबर २०११ ला घटना समिती निवडली गेली, २१७ जागांची. तिची दोन-अडीच वर्षं मी जमेल तशी वाचत आले. धर्माला घटनेत काय स्थान द्यायचं, स्त्री ही पुरुषाला ‘पूरक’ की समान, यावर मोठे वाद झाले आणि बरेचसे चांगल्या जागी मिटले. २०१३ मध्ये दोन डाव्या नेत्यांचे खून झाले, फेब्रुवारीत शुक्री बेलाइद आणि जुलैत सिदी बूझिदचे मोहम्मद ब्राहमी. देश फुटेल असं वाटत असताना कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, मानवी हक्क संघ आणि वकिलांची परिषद या चौघांनी पक्षांना एका टेबलाशी बसवलं. २०१५ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं, ते अत्यंत योग्य होतं. जानेवारी २०१४ मध्ये घटना मंजूर झाली. तिच्या बाराव्या कलमात राज्यानं प्रदेशांमध्ये समतोल साधावा, मागे राहिलेल्यांना झुकतं माप द्यावं असं स्पष्ट लिहिलं होतं. पाण्याचा हक्क होता. स्थानिक स्वराज्यासाठी सबंध प्रकरण होतं.

मग सात वर्षं ते बारावं कलम घटनेतच राहिलं. सरकारं येत होती, जात होती. पंतप्रधान बदलत होते. पक्ष फुटत होते, जुळत होते. जुन्या राजवटींच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाकडे २०१५ मध्ये कासरीनच्या वतीनं अर्ज गेला, की आमचा सबंध जिल्हाच पीडित म्हणून नोंदवा. व्यक्ती नव्हे, आख्खा प्रदेश. मला तो अर्ज त्या दशकातला सर्वांत महत्त्वाचा कागद वाटतो. नगरपालिकांच्या पहिल्या मोकळ्या निवडणुका व्हायला मे २०१८ उजाडलं, आणि त्यांच्या हाती पुरेसा पैसा आलाच नाही. २०१७ मध्ये ततावीनच्या तरुणांनी वाळवंटात तेलाच्या नळाची झडप बंद करून ठेवली, तेव्हा कुठे त्यांच्याशी करार झाला. पुढे तोही रेंगाळला.

आणखी एक काम राहून गेलं, आणि तेच शेवटी महागात पडलं. घटनेनं बारा न्यायाधीशांचं घटना न्यायालय सांगितलं होतं. चार संसदेनं निवडायचे, चार न्यायिक परिषदेनं, चार राष्ट्राध्यक्षांनी. संसदेतल्या पक्षांचं नावांवर एकमत होईना. सात वर्षांत त्यांनी एकच नाव मंजूर केलं. न्यायालय बसलंच नाही. २५ जुलै २०२१ ला सईद यांनी ऐंशीव्या कलमातले आणीबाणीचे अधिकार वापरले तेव्हा ते बरोबर की चूक हे ठरवणारी जागा रिकामी होती.

सईद घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक. २०१९ मध्ये त्यांना सुमारे ७३ टक्के मतं पडली. ती पक्षाशिवाय, पैशाशिवाय मिळाली, तरुणांनी भरभरून दिली. सत्ता खालून वर न्यायची, गावपातळीच्या परिषदांमधून देश उभा करायचा, असं ते सांगत. आतल्या मुलखाला त्यांनी त्याच्याच भाषेत साद घातली. डिसेंबर २०२१ मध्ये क्रांतीचा अधिकृत दिवस १४ जानेवारीऐवजी १७ डिसेंबर करून टाकला. सिदी बूझिदच्या लोकांना त्यात काय मिळालं असेल, ते मी समजू शकते. पण मागोमाग काय आलं तेही पाहावं. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायिक परिषद बरखास्त, जूनमध्ये ५७ न्यायाधीश बडतर्फ. २५ जुलै २०२२ ला सार्वमतानं नवी घटना, मतदान तीस टक्क्यांच्या आसपास. तिच्यात सरकार राष्ट्राध्यक्ष नेमतो, सरकार त्यालाच जबाबदार असतं, आणि त्याला पदावरून काढण्याचा मार्गच लिहिलेला नाही. देशाच्या चोवीस विलायतांचे, म्हणजे प्रांतांचे, वली (प्रमुख) वरूनच नेमले जातात. मार्च २०२३ मध्ये निवडून आलेल्या नगरपालिका बरखास्त झाल्या, म्हणजे खालून वर जाणारी जी एक खरी शिडी होती तीच काढून घेतली. तिच्या जागी प्रदेशांची म्हणून राष्ट्रीय परिषद आली, ७७ सदस्यांची. संसदेच्या पहिल्या फेरीला डिसेंबर २०२२ मध्ये ११ टक्क्यांच्या आसपास लोक मतदानाला आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सईद ९० टक्क्यांहून अधिक मतांनी पुन्हा निवडून आले. मतदान २९ टक्क्यांच्या आत. त्यांचे अनेक विरोधक तेव्हा तुरुंगात होते.

सईद यांनी आतल्या मुलखाच्या रागाचा उपयोग केला, त्या रागावर उपाय केला नाही, असं माझं मत आहे. पण २०१४ च्या घटनेवर माझ्यासारखं प्रेम करणाऱ्यांनी १८६४ ही तारीखही समोर ठेवायला हवी. रदेयफच्या नळाला पाणी आलं असतं, कासरीनच्या अर्जावर काही ठोस झालं असतं, नगरपालिकांना पैसा मिळाला असता, तर त्या जुलैच्या रात्री संसदेच्या फाटकाशी तिच्या बाजूनं उभं राहायला माणसं आतून आली असती. कासरीनहून ट्युनिस काही फार लांब नाही.

सध्या माझं लक्ष गाबेसकडे आहे. नकाशावर ते समुद्राकाठचं शहर, खजुराची बाग थेट लाटांना भिडलेली. अशी जागा भूमध्य समुद्राच्या काठी दुर्मीळ. पण गफ्साचं फॉस्फेट तिथे येतं, सरकारी रासायनिक कारखान्यात त्याचं आम्ल आणि खत होतं, आणि उरलेलं फॉस्फोजिप्सम १९७० च्या दशकापासून आखातात सोडलं जातं. मासे गेले, हवेनं घसे जळतात. २०१७ मध्ये सरकारनं प्रदूषण करणारे विभाग टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा निर्णय घेतला होता. त्याची अंमलबजावणी झाली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये शाळकरी मुलं वायूनं गुदमरून दवाखान्यात गेली, हजारो लोक रस्त्यावर आले आणि २१ तारखेला सबंध शहर बंद राहिलं. त्या बंदची हाक कामगार संघटनेच्या गाबेस शाखेनं दिली होती. २०१० च्या डिसेंबरात सिदी बूझिद आणि कासरीनमध्येही याच संघटनेच्या स्थानिक शाखांनी लोकांना आपली कार्यालयं उघडून दिली होती. म्हणून ट्युनिशियाच्या बातम्या उघडते तेव्हा राजधानीच्या आधी मी गाबेस, रदेयफ आणि कासरीनच्या शोधते.